शहाजोग गिऱ्हाइके

हैदराबादला घड्याळांचे वेड जुने आहे. चारमिनारच्या चार दिशांना चार घड्याळे बसली ती १८८९ साली. महबूब चौकात घड्याळाचा स्वतंत्र मनोरा उभा राहिला आणि मोअज्जमजाही मार्केटच्या दगडी इमारतीवरही घड्याळ आलेच. सालारजंग संग्रहालयातले, कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचे ते वाजते घड्याळ ज्याने पाहिले नाही त्याने हैदराबाद पाहिले नाही, असे आम्ही पाहुण्यांना बजावून सांगतो. तास भरत आला की त्यातला दाढीवाला चिमुकला पहारेकरी दार उघडून बाहेर येतो, टोले देतो आणि पुन्हा आत जातो. दुपारचे बारा टोले ऐकण्यासाठी माणसे आधीपासून जागा धरून बसतात. टोल्यांपलीकडे त्या घड्याळापासून कोणाला काही मिळत नाही, आणि कोणाचे काही जातही नाही.

मनगटावरच्या आणि खिशातल्या घड्याळांची गोष्ट निराळी आहे. ती हाताबदल होतात, विकली जातात, गहाण पडतात, आणि गेल्या काही वर्षांत तर ती न पाहताच विकली आणि विकत घेतली जाऊ लागली आहेत. विद्यानगरातला एखादा गृहस्थ आपल्या खोलीत बसून घड्याळाचे चार फोटो फोनवर टाकतो आणि पाच मिनिटांत जयपूरहून, जालंधरहून किंवा त्याच्याच मागच्या गल्लीतून विचारणा येते. विचारणारा कोठून बोलतो हे कळण्याची सोय नसते. सौदा ठरतो, पैशाची भाषा सुरू होते आणि येथेच पुष्कळांचा ताल चुकतो.

संस्कृतीच्या पानावर ही पैशाअडक्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. मराठी घरांतून जी जुनी घड्याळे आज बाजारात येत आहेत, त्यांतली फारच थोडी हौसेने विकत घेतलेली होती. कोणाला निवृत्तीच्या दिवशी कचेरीने दिलेले, कोणाच्या आजोबांनी पहिल्या पगारात मुंबईहून आणलेले, कोणाच्या लग्नात सासऱ्याने हातावर बांधलेले. संस्थानी दरबारांत गवयाला, बीनकाराला, पखवाजियाला शालजोडीबरोबर घड्याळ देण्याची चाल होती. माझे वडील दरबारी गवयी. त्यांना बिदागीत मिळालेले खिशातले घड्याळ आमच्या घरी आहे, आणि ते विकत घेऊ इच्छिणाऱ्यांचे फोन मला अधूनमधून येत असतात. ते विकावयाचे नाही. परंतु ज्यांना गरजेपोटी किंवा वाटणीपोटी विकावे लागते, त्यांच्या हातून एका वेळी दोन गोष्टी जाण्याचा संभव असतो, एक वस्तू आणि दुसरे पैसे. तिसरी गोष्ट जाते तिचे नाव विश्वास. म्हणून हा लेख.

रुपयाचा नाद

निजामी अमदानीत या शहरात दोन रुपये चालत. एक हाली सिक्का, संस्थानचा स्वतःचा. दुसरा कलदार, ब्रिटिश सरकारचा. दोहोंचा भाव वेगळा. सराफ रुपया हातात घेई, दगडावर आपटी आणि त्याचा नाद ऐके. हिणकस नाणे बद्द वाजे. ‘खणखणीत नाणे’ हा आपला शब्दप्रयोग त्या दगडावरूनच आला. स्वराचा धंदा करणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार आवडण्याजोगी आहे, कारण खरेखोटे ओळखण्याचे काम तेथे डोळ्यांकडे नसून कानांकडे होते.

आजच्या पैशाला नाद नाही. यूपीआयची सोय २०१६ साली सुरू झाली आणि भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सर्वांनी ती उचलली. ही सोय उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. दुकानदारांनी तर गल्ल्यापाशी एक बोलका डबा ठेवला आहे, तो ‘अमुक रुपये मिळाले’ असे मोठ्याने सांगतो, आणि दुकानदार मान वर न करता पुढचे गिऱ्हाईक घेतो. हा त्या जुन्या सराफाच्या दगडाचाच नातू म्हणावयाचा. पण तुमच्याआमच्या घरी असा डबा नसतो. आपल्याजवळ असतो तो फोनचा पडदा, आणि पडद्यावर काय दिसावे हे समोरच्या भामट्याला ठरवता येते. पैसे पाठवल्याचे खोटे चित्र, बँकेच्या नावाने आलेला खोटा निरोप, हिरव्या खुणेचा खोटा पडदा, हे सारे तयार करणे आज अगदी सोपे झाले आहे.

शहाजोग हा शब्द

जुन्या पेढ्यांवर हुंडी चाले तेव्हा तिचा एक प्रकार होता शाहजोग हुंडी. या हुंडीचे पैसे ज्याच्या हाती ती पडेल अशा कोणालाही द्यावयाचे नसत. बाजारात पत असलेल्या, दहाजणांच्या ओळखीच्या ‘शहा’लाच ते मिळत. हुंडी घेऊन आलेला कोण, त्याची पेढी कोठली, त्याला ओळखणारे कोण, ही चौकशी पैसे देणाऱ्याने करावयाची. ती न करता चुकीच्या माणसाला पैसे दिले तर जबाबदारी त्याच्यावर येई.

मराठीने पुढे या शब्दाचे काय केले ते पाहा. आज ‘शहाजोग’ म्हणजे वरवर सभ्यपणाचा आव आणणारा, आतून बेरकी! शब्दाच्या अर्थाचा हा प्रवास म्हणजे व्यापारी फसवणुकीचा सारा इतिहासच होय. पतवाल्यालाच पैसे मिळणार असे ठरले, की पत नसलेले पतवाल्याचा वेष घेऊ लागतात. घड्याळाच्या बाजारात आज फिरत आहेत ती गिऱ्हाइके या दुसऱ्या अर्थाने शहाजोग आहेत.

क्यूआरचा चौकोन

आमच्या कॉलनीत एक काका राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख, दुधाच्या पिशव्यांचीसुद्धा महिनाअखेर बेरीज करणारे. त्यांच्यापाशी एक ओमेगा घड्याळ होते. मुलगा परदेशात, त्याला त्याचे कौतुक नाही, म्हणून विकावे असे त्यांनी ठरवले. किंमत लावली पंचेचाळीस हजार. जाहिरात टाकल्यावर तासाभरात फोन आला. बोलणारा म्हणाला, मी लष्करात आहे, बदली झाली आहे, वडिलांना भेट द्यावयाची आहे, किंमत कबूल. घासाघीस नाही, घड्याळ पाहण्याचा हट्ट नाही. ओळख पटावी म्हणून त्याने गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र धाडले. लष्कराच्या माणसावर संशय घ्यावा असे कोणाला वाटेल?

मग तो म्हणाला, आमचे खाते लष्करी आहे, त्याची रीत वेगळी असते, मी एक चौकोन पाठवतो, तो स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्याकडे येतील. प्रथम पाच रुपयांची चाचणी झाली. काकांचे पाच रुपये गेले आणि लगेच दहा परत आले. विश्वास बसला. पुढचा चौकोन साडेबावीस हजारांचा. काकांनी स्कॅन केला, पिन दाबला आणि तेवढी रक्कम त्यांच्या खात्यातून गेली. तो शांतपणे म्हणाला, नोंद अर्धी राहिली, तेवढ्याच रकमेचा आणखी एक करा, म्हणजे दोन्ही रकमा घड्याळाच्या पैशांसकट एकदम परत येतील. काकांनी तेही केले. पंचेचाळीस हजार गेले. घड्याळ टेबलावरच टिकटिकत होते, त्याची किंमत मात्र मालकानेच भरली होती.

ही युक्ती नवी नाही. लष्करी अधिकाऱ्याचे सोंग घेऊन जुन्या वस्तू विकणाऱ्यांना असे गाठणे हा देशभर चाललेला धंदा आहे, आणि पोलीस खात्याने त्याविषयी वारंवार सावध केले आहे. तरी तो चालतो, कारण एक साधी गोष्ट आपल्या मनावर पक्की बिंबलेली नाही. ती येथे मोठ्या अक्षरांत छापावी अशी माझी संपादकांना विनंती आहे: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही आणि काही स्कॅनही करावे लागत नाही. पिन दाबणे म्हणजे पैसे देणे. गवयी षड्ज विसरला तर पुढचे सारे गाणे बिघडते. यूपीआयचा हा षड्ज आहे.

पूर्वी भामटे पैशाची मागणीच फोनवर धाडत, आणि गोंधळलेला माणूस ती पैसे आल्याची सूचना समजून मान्य करी. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी धाडण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, हे चांगले झाले. पण चौकोन राहिला आहे, आणि तो दाखवणारेही राहिले आहेत.

विकणाऱ्याने ओळखावयाचे आणखी धोके

विकणारा माणूस बहुधा असे समजतो, की धोका घेणाऱ्याला असतो, मला काय? काकांच्या गोष्टीने हा समज खोटा ठरवलाच आहे. त्याखेरीज आणखी तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार खोट्या पावतीचा. गिऱ्हाईक समोर बसलेले असते, फोन दाखवते, ‘पाठवले’ म्हणते आणि घड्याळ घेऊन निघते. यावर उपाय एकच. त्याचा फोन पाहू नये, आलेला निरोपही प्रमाण मानू नये. स्वतःच्या बँकेचे ॲप स्वतः उघडून खात्यात रक्कम वाढली आहे की नाही ते पाहावे. तोवर घड्याळ आपल्या हातात असावे.

दुसरा प्रकार धनादेशाचा आणि ड्राफ्टचा. धनादेश बँकेत भरला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. तो वटला म्हणजे मिळाले. ड्राफ्ट हा पैशासारखाच असे आपण मानतो, परंतु खोटे ड्राफ्टही छापले जातात. ज्या शाखेने तो दिला असे त्यावर लिहिले असेल, तिच्याशी आपण स्वतः शोधलेल्या क्रमांकावर बोलून खात्री करावी. ड्राफ्टवर किंवा गिऱ्हाइकाने दिलेल्या चिठ्ठीवर जो क्रमांक असतो, तो त्याच्याच जोडीदाराचा असू शकतो.

तिसरा प्रकार सर्वांत कुटिल, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. समजा, तुमचे घड्याळ दोन लाखांचे आहे. भामटा तुमच्याकडून त्याचे फोटो मागवतो आणि तेच फोटो टाकून एका तिसऱ्या माणसाला ते घड्याळ विकतो. त्या तिसऱ्याला पैसे भरण्यासाठी तो तुमचा खाते क्रमांक देतो. तुमच्या खात्यात खरे दोन लाख येतात. तुम्ही निर्धास्तपणे घड्याळ भामट्याच्या हवाली करता. तिसऱ्या माणसाला काहीच मिळत नाही. तो तक्रार करतो आणि पैशाचा माग काढीत पोलीस येतात ते तुमच्या खात्यापाशी. रक्कम गोठते, प्रसंगी सारे खातेच अडकते, आणि ‘मी निर्दोष आहे’ हे कागदोपत्री सिद्ध करण्याचे काम तुमच्या माथी येते. म्हणून नियम असा, की ज्याच्या हातात घड्याळ द्यावयाचे त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे आले पाहिजेत. भाऊ पाठवतो, मालक पाठवतो, मित्राच्या खात्यातून येतील, असली भाषा ऐकली की सौदा थांबवावा. शाहजोग हुंडीची चौकशी ती हीच.

मशीन असल, चेहरा दुसऱ्याचा

आता घेणाऱ्याची बाजू. माझा एक शिष्य माधापूरला संगणकाच्या कंपनीत आहे. गळा चांगला, रियाज बेताचा आणि जुन्या घड्याळांचा नाद अपार. त्याने दूरच्या एका विक्रेत्याकडून एक जुने स्विस घड्याळ मागवले. तबकडी निळीशार, नवीकोरी, अक्षरे ठसठशीत. तो हरखून गेला. आबिड्सच्या एका वृद्ध घड्याळजीने मागचे झाकण उघडले, भिंग लावले आणि अस्सल दखनीत निकाल दिला, “मशीन असल है मियाँ, चेहरा दूसरे का है.”

हा प्रकार जगभरच्या शौकिनांना ‘मुंबई स्पेशल’ या नावाने ठाऊक आहे. आपल्या शहराच्या नावाने मिठाई प्रसिद्ध व्हावी, घड्याळाची नक्कल प्रसिद्ध व्हावी हे काही भूषण नव्हे. मुंबईत स्विस घड्याळांचा व्यापार जुना, फाव्र-ल्यूबा आणि वेस्ट एंड या कंपन्यांची घड्याळे एकोणिसाव्या शतकापासून येथे विकली गेली. त्यामुळे जुनी यंत्रे विपुल. त्यांवर नव्याने रंगवलेली तबकडी चढवावयाची, काटे दुसऱ्याचे लावावयाचे, कवच तिसऱ्याचे घ्यावयाचे आणि परदेशी गिऱ्हाइकाला ‘जपून ठेवलेली जुनी वस्तू’ म्हणून विकावयाचे, असा हा उद्योग आहे. सरकारी एचएमटी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे काढण्यास आरंभ केला. २०१६ साली सरकारने तो घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला आणि जुन्या एचएमटीला एकाएकी मागणी आली. मग कारखान्याने कधी केले नव्हते अशा रंगांच्या तबकड्याही बाजारात अवतरल्या.

दुरुस्त केलेली वस्तू म्हणून हे घड्याळ रास्त किमतीला घेतले तर त्यात वाईट काही नाही. जुन्या तंबोऱ्याला नवी जवारी लावतातच की! फसवणूक आहे ती न सांगण्यात. दरबारी घड्याळांचेही तसेच. झाकणावर राजचिन्ह किंवा ‘अमुक महाराजांकडून’ असा मजकूर कोरलेला असला की किंमत चढते. आणि किंमत चढते म्हणूनच तो मजकूर आज नव्याने कोरताही येतो. अक्षरे जुनी असली तर त्यांच्या कडा वापराने बोथटलेल्या असतात. नव्या कोरीवकामाच्या कडा भिंगाखाली धारदार दिसतात. घड्याळजी हे एका दृष्टिक्षेपात सांगतो.

महागड्या नव्या घड्याळांत धोके आणखी वाढतात. रोलेक्स, पाटेक फिलिप या नावांची घड्याळे दुकानात मागितल्याबरोबर मिळतातच असे नाही, त्यामुळे वापरलेल्या घड्याळांचा मोठा बाजार उभा राहिला. पॉल न्यूमन या नटाचे रोलेक्स डेटोना २०१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले, आणि घड्याळ ही गुंतवणूक आहे असे सामान्य माणसालाही वाटू लागले. रोलेक्सने स्वतः २०२२ च्या डिसेंबरात वापरलेली घड्याळे तपासून, प्रमाणित करून विकण्याची योजना सुरू केली. जेथे कंपनीलाच असा दाखला देण्याची गरज वाटली, तेथे अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबावे काय?

डबा, पावती, गॅरंटी कार्ड असले म्हणजे घड्याळ खरे, हा समज सोडून द्यावा. कागद घड्याळापेक्षा सहज नकली होतो. सीरिअल नंबर कागदावर आणि घड्याळावर एकच आहे का, ते पाहावे. विकणाऱ्याने मात्र तो नंबर फोटोत संपूर्ण दिसू देऊ नये, कारण त्यावरून खोटे कागद तयार होतात. चोरीस गेलेल्या घड्याळांच्या नंबरांची नोंद ठेवणारी ‘द वॉच रजिस्टर’ नावाची संस्था लंडनमध्ये आहे; किमती घड्याळ घेण्यापूर्वी तेथे विचारता येते. परदेशातून आलेले असेल तर सीमाशुल्क भरल्याची पावती मागावी. ती नसली तर स्वस्ताईचे कारण आपोआप कळते.

पैसे द्यावे कसे

आपल्या आजोबांच्या पिढीत दूरचा माल व्ही. पी.ने येई. पोस्टमन दारात पार्सल घेऊन उभा राही, पैसे मोजून घेई आणि मग पार्सल देई. वर्तमानपत्रांत मनगटी घड्याळांच्या जाहिराती असत, ‘पाच वर्षांची गॅरंटी, आगाऊ पैसे नकोत’. आगाऊ पैसे द्यावे लागत नसत, परंतु पार्सल उघडून पाहण्यापूर्वीच पैसे द्यावे लागत, आणि आतून काय निघेल ते नशिबावर असे. म्हणजे खरा प्रश्न तेव्हाही हाच होता, आधी वस्तू की आधी पैसे?

या प्रश्नाला तीन समाधानकारक उत्तरे आहेत. पहिले आणि उत्तम, समक्ष भेट. क्रम असा ठेवावा: प्रथम घड्याळजी, मग बँक, मग हस्तांतर. दोघांनी मिळून घड्याळजीकडे जावे, झाकण उघडून घ्यावे. तेथून विकणाऱ्याच्या बँकेच्या शाखेत जावे. दोन लाख किंवा अधिक रक्कम असेल तर आरटीजीएस, कमी असेल तर एनईएफटी किंवा आयएमपीएस. पाठवण्यापूर्वी ज्याला पैसे जात आहेत त्याचे नाव पडद्यावर दाखवण्याची सोय आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत करावयास लावली. ते नाव वाचावे, ओळखपत्राशी ताडून पाहावे. खात्यात पैसे दिसल्यावर घड्याळ द्यावे आणि नंबरासकट दोघांच्या सह्यांची साधी विक्रीपावती करावी. रोखीचा मोह नको. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा अधिक रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून कायद्याची मनाई आहे, आणि दंड बसतो तो घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा. दुकानातून दहा लाखांहून अधिक किमतीचे घड्याळ घेतल्यास एक टक्का कर तेथेच कापून घेण्याचा नियम २२ एप्रिल २०२५ पासून लागू झाला आहे. ‘बिल नको, कर वाचेल’ असे सांगणारा आपला पुरावाच नाहीसा करीत असतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे उत्तर मध्यस्थाचे. पैसे तिऱ्हाइताकडे अनामत राहतात आणि घड्याळ पोहोचून पसंत पडल्यावर विकणाऱ्याला मिळतात. जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे २००३ साली निघालेली क्रोनो २४ ही बाजारपेठ याच रीतीने चालते. मात्र मध्यस्थ आपण निवडावा. समोरच्याने सुचवलेला, कालच निघालेला, नाव खऱ्यासारखे पण एका अक्षराचा फरक असलेला मध्यस्थ हा समोरचाच असतो, फक्त टोपी बदललेली. मध्यस्थाच्या जागेबाहेर येऊन परस्पर पैसे द्या, थोडे स्वस्त पडेल, असे कोणी म्हटले तर ती सवलत नव्हे, सापळा होय. परदेशी व्यवहारात ‘घरच्या माणसाला पाठवतो’ या सदराखाली पैसे पाठवू नयेत. तेथे खरेदीचे संरक्षण मिळत नाही.

तिसरे उत्तर नावाजलेल्या दुकानाचे. थोडे महाग पडते, पण दुकान उद्या जागेवर असते. तेही खरे त्याच दुकानाचे पान आहे ना, हे दुकानाच्या पत्त्यावर जाऊन किंवा फोन करून पाहावे. दुकानांच्या नावाने खोटी पाने उघडून विसार उकळणारे पुष्कळ आहेत.

घड्याळ विक्रेत्याच्या हाती आहे की नाही हे पाहण्याची जुनी युक्ती म्हणजे आजच्या वर्तमानपत्रावर ते ठेवून फोटो मागणे. आमच्या संपादकांना ही युक्ती विशेष आवडेल! पण हल्ली चित्रेही यंत्राकडून बनवून घेता येतात. म्हणून फोनवर प्रत्यक्ष चलच्चित्रात बोलावे, आणि किल्ली फिरवा, काटे हलवा, झाकण दाखवा, असे आयत्या वेळी सांगावे. आयत्या वेळची फर्माईश पुरी करता येते तोच खरा गवयी.

लाज आणि घाई

सर चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४३ ते १९४९ या त्यांच्या कारकीर्दीतच, १ जानेवारी १९४९ रोजी, त्या बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. हा मराठी माणूस आयुष्याच्या अखेरीस हैदराबादकर झाला आणि १९८२ साली येथेच वारला. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांच्या नावाचे रुग्णालय आमच्या विद्यानगरातच आहे. रस्त्याने जाताना ती पाटी दिसली की मनात येते, त्या पिढीने देशाच्या पैशाची पत बांधली, आपल्याला निदान आपल्या घरच्या पैशाची राखता यावी.

त्याच रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले, की ग्राहकाचा दोष नसताना तिऱ्हाइताने खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळवले, तर ग्राहकावर तोशीस नाही. पण पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले. काकांनी पिन स्वतः दाबला होता. तेव्हा उरते ती एकच वाट, वेग.

राष्ट्रीय मदत क्रमांक १९३० हा त्यासाठीच आहे. फोन केला की तक्रार नोंदली जाते आणि पैसा ज्या खात्यात गेला असेल तेथे तो अडवण्याची सूचना बँकांना जाते. तेलंगणात सायबर सुरक्षेसाठी स्वतंत्र ब्यूरोही २०२३ पासून आहे. परंतु चोरीचा पैसा एका खात्यात थांबत नाही, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यातून फिरत तो रोखीने बाहेर पडतो. पहिल्या तासात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेला फोन यांत म्हणूनच महदंतर आहे.

काकांनी फोन केला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधल्या वेळात ते खोलीत बसून होते. पत्नीला सांगितले नाही, मुलाला कळवले नाही. आयुष्यभर हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला ‘मी फसलो’ हे दोन शब्द उच्चारण्यास तीस तास लागले. पैशातला थोडासा भाग अडला, बाकीचा गेला. भामट्याला हे पक्के ठाऊक असते. तो आपल्या भोळेपणावर जगतो हे अर्धे सत्य होय, तो आपल्या अब्रूवर जगतो. सभ्य माणूस रात्रभर लाजेने गप्प बसेल, तेवढ्यात आपले काम होईल, हे त्याचे गणित.

म्हणून माझी विनंती विकणाऱ्यांइतकीच त्यांच्या घरच्यांना आहे. कोणी फसून आला तर ‘एवढे शिकलेले असून!’ हा उद्गार ओठांवर येऊ देऊ नका. तो उद्गार ऐकावा लागेल या भीतीनेच माणसे बोलत नाहीत, आणि न बोलण्यात तो मोलाचा तास निघून जातो. आधी १९३० फिरवा, मग बँक, मग पोलीस ठाणे. कान उघाडणी काय, पुढच्या महिन्यातही करता येते.

आणि ज्यांना अजून सौदा करावयाचा आहे त्यांना एवढेच सांगणे, की घाई करणाऱ्याशी व्यवहार करू नये. शंभर वर्षे चाललेल्या घड्याळाला आणखी दोन दिवस थांबण्याने काही होत नाही. ‘आत्ताच, नाहीतर दुसरा घेतो’ असे म्हणणाऱ्याला घेऊ द्यावे. मी विद्यार्थ्यांना सांगत असतो, विलंबित लयीत ज्याला टिकता येत नाही त्याच्या द्रुत तानांवर भाळू नये. खरे गिऱ्हाईक विलंबितात टिकते. ते घड्याळ पाहावयाला येते, झाकण उघडू म्हणते, नाव विचारते, नाव सांगते, चहा घेते आणि मग पैशाची गोष्ट काढते. शहाजोग शब्दाचा पहिला अर्थ अद्याप पुरता मेलेला नाही, असे अशा वेळी वाटते.